त्या फोटोचा खुलासा देऊ नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका ६३ वर्षांच्या आहेत. उत्तर महाराष्ट्रातल्या एका शहरात स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. माध्यमिक शाळेत तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. दोन वर्षांपूर्वी सोसायटीतून दोन स्कूटर चोरीला गेल्या, तेव्हा सर्वसाधारण सभेत कॅमेरे बसवण्याचा ठराव झाला आणि त्यांनीही हात वर केला. गेल्या महिन्यात कमिटीतल्या एका सदस्याने लिफ्टजवळच्या कॅमेऱ्यातला एक फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. रात्री ९ वाजून २० मिनिटांनी त्यांच्याकडून खाली उतरलेल्या एका गृहस्थांचा. सोबत ओळ होती, ‘एकट्या राहणाऱ्या सभासदांनी पाहुण्यांच्या वेळा पाळाव्यात.’ खाली अंगठ्यांची रांग. वॉचमनलाही त्या गृहस्थांची वहीत वेगळी नोंद ठेवायला सांगितलं आहे. पुण्यातला मुलगा म्हणतो, ‘तू काही चुकीचं करत नाहीस ना, मग दुर्लक्ष कर. तक्रार केलीस तर आणखी चर्चा होईल.’ वकील भाचा म्हणतो, ‘घटनेतले हक्क सरकारविरुद्ध असतात, सोसायटी म्हणजे सरकार नव्हे. शिवाय लिफ्ट सगळ्यांची आहे.’ पत्रलेखिकेने त्या गृहस्थांना ‘सध्या येऊ नका’ असं कळवलं आहे. त्या विचारतात, ‘मी शिकवलेल्या पुस्तकात सहा मूलभूत हक्क होते. त्यांत हा नव्हता. तो खरंच आहे का? असला तर या वयात कोर्टकचेरी न करता मला त्याचा काही उपयोग आहे का?’

बाई,

एरवी मी या सदरात ‘ताई’ लिहिते. पण तुमच्या पत्राचं अक्षर, समास सोडून लिहिण्याची पद्धत, तारीख उजवीकडे, हे सगळं पाहून मला माझ्या शाळेतल्या बाई आठवल्या. म्हणून ‘बाई’च म्हणते.

हक्क आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला मूलभूत हक्क आहे. कलम २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्कातच तो आहे, आणि घटनेच्या तिसऱ्या, म्हणजे मूलभूत हक्कांच्या भागातल्या बाकीच्या स्वातंत्र्यांतही तो मुरलेला आहे. या खटल्याला ज्यांचं नाव आहे ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. ‘आधार’विरुद्ध ते २०१२ मध्ये न्यायालयात गेले तेव्हा त्यांची ऐंशी उलटली होती. ‘या वयात’ हे शब्द तुमच्या पत्रात चार वेळा आले आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तुमचं पुस्तकही चुकीचं नव्हतं. घटनेत हा शब्द नाही. यायची संधी मात्र होती. १९४७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केलं, त्यात माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावं, असं कलम होतं. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी सभेत त्याच आशयाची दुरुस्ती मांडली. आंबेडकर ती स्वीकारायला तयार होते. मतदानात ती पडली. पुढे १९५४ साली आठ न्यायाधीशांनी झडतीच्या एका प्रकरणात असा हक्क मानायला नकार दिला, आणि म्हणून तुमच्या वर्गातल्या फळ्यावर सहाच हक्क राहिले.

त्यानंतरचा एक खटला तुम्हाला सविस्तर सांगते, कारण तुमच्या लिफ्टशी त्याचं फार जवळचं नातं आहे. उत्तर प्रदेशातला खडक सिंग दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला होता, तरी पोलिसांनी त्याच्या नावाने हिस्टरी शीट, म्हणजे पाळतीची नोंद, उघडली. रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई दाराशी येत, आरडाओरडा करून त्याला उठवत, घरात शिरत. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. पण त्याच निकालात बहुमताने हेही म्हटलं की खासगीपणाचा हक्क घटनेने दिलेला नाही, आणि त्याच्या घराकडे कोण येतं-जातं यावर लपून पाळत ठेवायला हरकत नाही. दार वाजवायचं नाही, दाराकडे बघत बसलं तर चालेल! सहापैकी दोन न्यायाधीशांना हे पटलं नाही. त्यांतले न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलं की खासगीपणा हा व्यक्तिगत स्वातंत्र्याचा आवश्यक भाग आहे. ज्याच्यावर सतत नजर आहे तो मोकळा फिरत असला तरी स्वतंत्र नसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यांचं मत तेव्हा अल्पमतात राहिलं. २०१७ च्या नऊ न्यायाधीशांनी १९५४ चा आणि १९६२ चा, दोन्ही निकालांतला ‘हा हक्क नाही’ हा भाग रद्द केला आणि सुब्बा राव पंचावन्न वर्षांनी बरोबर ठरले.

म्हणजे ‘दाराला हात लावला नाही, नुसतं पाहिलं’ हा युक्तिवाद या देशात एकदा मान्य होऊन नंतर मोडीत निघालेला आहे. तुमची कमिटी आज तोच करते आहे.

आता भाच्याचं म्हणणं. ते निम्मं बरोबर आहे. मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागायचे असतात, आणि गृहनिर्माण सोसायटी म्हणजे शासन नव्हे. पण २०१७ च्या त्याच निकालात नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांनी आपल्या स्वतंत्र मतात हा प्रश्न घेतला आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्कही आहे आणि साधा कायदेशीर हक्कही, असं ते म्हणतात. शासनाने तो मोडला तर दाद घटनेखाली मागायची, शेजाऱ्याने मोडला तर नेहमीच्या कायद्याखाली. हक्क तोच, दाद मागण्याची जागा निराळी. २०२३ च्या जानेवारीत तर घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की कलम १९ आणि २१ खालचे हक्क शासनाखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. भाच्याला हे वाचायला सांगा. तरीही त्या जोरावर तुम्ही उच्च न्यायालयात जा, असं मी म्हणणार नाही. सोसायटीविरुद्ध ती वाट लांबची आहे, खर्चाची आहे आणि अजून मळलेली नाही. तुमचं काम त्याच्या कितीतरी अलीकडे होण्यासारखं आहे.

‘लिफ्ट सगळ्यांची’ यालाही उत्तर त्याच निकालात आहे. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, तो जागेला नसून माणसाला चिकटलेला असतो, असं न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या मुख्य निकालपत्रात आहे. जिन्यात तुम्ही शेजाऱ्याला दिसता, त्यात काही गैर नाही. त्या दिसण्याचं चित्र काढून, वेळ घालून, टोमणा जोडून सोसायटीतल्या प्रत्येक घरात पाठवणं ही वेगळी कृती आहे.

आणि हात वर केल्याचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही लिहिता, ‘मीच संमती दिली, आता कोणत्या तोंडाने बोलू?’ तुम्ही संमती दिलीत ती स्कूटर चोरणाऱ्यांसाठी. डॉक्टरांना नाडी दाखवली म्हणून आजाराचा कागद त्यांनी वेटिंग रूममध्ये लावायचा नसतो. शिवाय त्या गृहस्थांनी तर तुमच्या सभेत हात वर केलेलाच नव्हता. फोटो त्यांचा आहे. हक्क त्यांचाही मोडला आहे, आणि ते स्वतःही लेखी हरकत घेऊ शकतात.

इथवर कायदा झाला. पण तुमच्या पत्रात मला ज्याने थांबवलं ते दुसरंच आहे. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हे वाक्य. ते तीनदा आलं आहे, आणि दर वेळी त्याच्या मागोमाग ते गृहस्थ कोण, त्यांचं वय काय, ते कशासाठी येतात, त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे तुम्ही सांगितलं आहे. वरच्या सारांशात त्या ओळी मी घेतल्या नाहीत. कारण त्यांची गरज नाही. मला नाही, वाचकांना नाही आणि कमिटीला तर मुळीच नाही.

बाई, हा घोटाळा थोडा आपल्या भाषेनेही केला आहे. या हक्काला मराठीत ‘गोपनीयतेचा अधिकार’ हे नाव पडलं. मंत्रीही पद आणि गोपनीयतेची शपथ घेतात. तिथे खरोखर गुपितं सांभाळायची असतात. तोच शब्द माणसाच्या घराला लावला की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी दडवायचं असणार. खरं तर संस्कृतातल्या ‘गुप्’ या धातूचा अर्थ राखणं, सांभाळणं असाही आहे. तो अर्थ मागे पडला आणि लपवण्याचा वर आला. मी ‘खासगीपणा’ म्हणते. स्वयंपाकघराच्या खिडकीला आपण पडदा लावतो तेव्हा आत काय शिजतं याचं कुणी स्पष्टीकरण मागत नाही, आपणही देत नाही. तेवढंच आहे ते.

तुम्ही खुलासा दिलात की मात्र एक गोष्ट घडते. ‘ते माझे जुने सहकारी आहेत, अमुक कामासाठी येतात’ असं म्हणताच, चांगल्या कारणासाठी आलेला पाहुणा चालेल आणि कारण चांगलं आहे की नाही ते कमिटी ठरवेल, हे तुम्ही मान्य केलंत. मग उद्या तिसऱ्या मजल्यावरच्या नोकरी करणाऱ्या मुलीकडे तिचा मित्र आला, तर तिच्याजवळ देण्यासारखा खुलासा असेलच असं नाही. तिलाही तो द्यावा लागता कामा नये.

आपल्याच राज्यातलं एक प्रकरण आहे. एक पोलीस निरीक्षक रात्री एका बाईच्या घरी गेला आणि त्याने तिच्याशी गैरवर्तन केलं. तो बडतर्फ झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवत तिची साक्ष विश्वासार्ह मानली नाही आणि बडतर्फी रद्द केली. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. समाज जिला चारित्र्यहीन म्हणतो त्या स्त्रीलाही खासगीपणाचा हक्क आहे, वाटेल तेव्हा तिच्या घरात शिरण्याची कुणालाही मुभा नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मला हा निकाल पुट्टस्वामींच्या निकालाइतकाच मोठा वाटतो. चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून हा हक्क मिळत नाही, हे त्यात सत्तावीस वर्षं आधी स्पष्ट झालं होतं. तुमच्या निष्कलंक तीस वर्षांच्या नोकरीचा दाखला कुणापुढे धरू नका. त्याची इथे गरजच पडत नाही.

मुलाबद्दल. तो दूर आहे, आईला त्रास होऊ नये असं त्याला वाटतं, हे कळतं. पण त्याच्या दोन वाक्यांचं एकमेकांशी पटत नाही. तुम्ही काही चुकीचं करत नसाल तर चर्चेला भ्यायचं कारण नाही, आणि चर्चा तर फोटो टाकणाऱ्याने आधीच सुरू केली आहे. त्याला फोन करून एवढंच सांगा की मी कमिटीला एक पत्र देणार आहे. परवानगी मागितल्यासारखं सांगू नका.

आता काय करायचं ते. ग्रुपवर काही लिहू नका आणि रागाने ग्रुप सोडूही नका. फोटो, ती ओळ, टाकणाऱ्याचं नाव, तारीख-वेळ आणि खालच्या प्रतिक्रिया यांचे स्क्रीनशॉट आजच घ्या आणि दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरही ठेवा. मेसेज पुसला जाऊ शकतो.

मग सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, प्रत अध्यक्षांना. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा. पुट्टस्वामी निकालाने शासनाला तीन कसोट्या घालून दिल्या: हस्तक्षेपाला कायद्याचा आधार हवा, उद्देश योग्य हवा, आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. सोसायटीला त्या जशाच्या तशा लागू होतील असं नाही, पण विचारायला तुम्हाला कोण अडवतं? कोणत्या ठरावाने फुटेज ग्रुपवर टाकायचा अधिकार मिळाला? कशासाठी टाकलं? चोरी रोखायला त्याची गरज होती का? या तीन प्रश्नांना कमिटीजवळ उत्तर असेल असं मला वाटत नाही.

तुम्ही सभासद आहात, हे तुमचं मोठं बळ आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सभासदाला सर्वसाधारण सभेची आणि कमिटीच्या बैठकांची इतिवृत्तं पाहता येतात. कॅमेऱ्यांच्या ठरावाची प्रत मागा. त्यात ‘सुरक्षिततेसाठी’ एवढंच लिहिलेलं असणार. तेच तुमच्या कामाचं आहे. समाधानकारक उत्तर आलं नाही तर तुमच्या भागाच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, तिथे वकील लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज थेट सोसायटीकडे करण्यात वेळ घालवू नका. अशा संस्था सर्वसाधारणपणे त्या कायद्यात येत नाहीत.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत एक विषय घालण्याचीही लेखी मागणी करा: फुटेज कोण पाहू शकेल, किती दिवस ठेवायचं, कुणाला आणि कोणत्या कारणासाठी द्यायचं, याचे नियम. हा विषय तुमच्या एकटीचा राहत नाही, त्यामुळे तरुण भाडेकरू असलेल्या घरांचे मालकही तुमच्या बाजूने उभे राहतील. कॅमेरे काढा असं मात्र म्हणू नका. स्कूटर खरोखर चोरीला गेल्या होत्या, आणि गेटवर, पार्किंगमध्ये कॅमेरा असणं रास्त आहे. तुमचं दार उघडलं की आतलं दिसत असेल तर कोन बदलायला सांगा. २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात राहत्या भागातले, दुसऱ्याच्या संमतीविना लावलेले कॅमेरे चालवायला मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही.

पोलिसांकडे आत्ताच जायला मी सुचवणार नाही. पण कमिटीला हे ठाऊक असू द्या की भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या उद्देशाने तिच्या खासगीपणात घुसखोरी करणं गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत साधा कारावास होऊ शकतो. हे कलम नवं नाही. १८६० च्या दंड संहितेत ते ५०९ क्रमांकाने होतं, आणि खासगीपणाचा शब्द त्यात तेव्हापासून आहे. घटनेत जो आला नाही तो फौजदारी कायद्यात नव्वद वर्षं आधी होता! उद्देश सिद्ध करावा लागतो, म्हणून एका फोटोवर धाव घेऊ नये. पण असे मेसेज पुन्हा आले, वॉचमनने त्या गृहस्थांना अडवलं, कुणी जिन्यात बोललं, तर प्रत्येक प्रसंग तारखेसह लिहून ठेवा आणि मग जरूर जा. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मात्र त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे, म्हणून तुमचं पत्र त्यावर उभं करू नका.

भाड्याने राहणाऱ्या ज्या मुली हे वाचत असतील त्यांच्यासाठी: इतिवृत्तं पाहण्याचा हक्क सभासदाचा, म्हणजे घरमालकाचा आहे. मालकाला पत्र द्यायला सांगा. तो कचरत असेल तर स्वतःच्या नावाने हरकत नोंदवा आणि पोच घ्या. कलम ७९ ला सभासदत्व लागत नाही.

आणि ज्यांना ‘येऊ नका’ म्हणालात, त्यांना पुन्हा बोलवायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त कमिटीच्या उत्तराची वाट पाहून ठरवू नका. त्या उत्तराशी त्याचा काही संबंध नाही.

पत्र लांबवू नका. मी असं लिहीन:

‘दिनांक अमुक रोजी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांचे सीसीटीव्ही छायाचित्र प्रसारित करण्यात आले. कॅमेरे सुरक्षिततेसाठी बसवण्यात आले आहेत. सदर छायाचित्राचा सुरक्षिततेशी संबंध नाही. ते तत्काळ काढून टाकावे, माझ्या पाहुण्यांची वेगळी नोंद ठेवणे बंद करावे, आणि हे छायाचित्र कोणी, कोणाच्या परवानगीने घेतले ते कळवावे. कॅमेऱ्यांबाबतच्या ठरावाची प्रत मिळावी. लेखी उत्तर पंधरा दिवसांत अपेक्षित आहे.’

ते कोण होते, हे यात कुठेही आलेलं नाही. सेक्रेटरींनी विचारलं तरी घालू नका. मुलाने सुचवलं तरी नाही.